पुरानं वाकडी केलेली पानं

दोन हजार पाचच्या पुरात विहारातलं कपाट दोन दिवस पान्याखाली हुतं, आन कपाटाच्या खालच्या खनात धम्माचा ग्रंथ हुता. पानी उतरल्यावर चिखल तुडवत पयला आत शिरला त्यो दादासो. बाकीची मानसं मूर्ती पुसाय लागली, भिंती धुवाय लागली. ह्यानं ग्रंथ काढला, आंघोळ घातलेल्या तान्ह्या पोराला धरत्यात तसा छातीशी धरला आन तडक घरी आनला. मग आठ दिवस घरात दुसरं काम न्हाय. एकेक पान सुटं करायचं, मधी वर्तमानपत्र घालायचं, आन वरनं सुनंची इस्त्री फिरवायची.

सून म्हंजे निशा. अंगनवाडीत शिकवायची. ती म्हनली, "मामा, नवीन प्रत मिळती की कोल्हापुरात. आनूया."

म्हातारा खवळला. "मानूस भिजला म्हनून नवीन आनतीस काय गं?"

पानं वाळली, पर सरळ काय झाली न्हाईत. वाळत टाकलेल्या पापडागत लाटा आल्या त्यास्नी. दादासोला त्याचं काय वाटलं न्हाय. उलट कुनी ग्रंथ हातात घेतला की सांगायचा, "जपून रं. पूर बगून आलाय त्यो."

दादासो जयसिंगपूरच्या बाजारात जलमभर हमाल. शाळा दुसरीतच सुटलेली. बावीस वर्साचा झाल्यावर विहारातल्या वर्गात बाराखडी गिरवली, आन दिवसभर पाठीवर घ्यायच्या पोत्यावरची नावं वाचून वाचून ती पक्की केली. पोत्यावरच्या 'पंचवीस किलो'वर बोट ठेवून अक्षर लावनारा हमाल म्हनून व्यापारी हासायचं. हासू देत की. पुढं वस्तीतल्या जान्त्यांनी त्यालाच वर्षावासाच्या वाचनाला बसवलं. आषाढाच्या पुनवंपास्नं अश्विनाच्या पुनवंपतोर तीन म्हयनं, रोज सांजच्याला विहारात ग्रंथ वाचायचा आन वस्तीनं ऐकायचा, आसा रिवाज. एकतीस वर्सं ती चटई दादासोचीच. आन खाडा म्हनून न्हाय. बायको गेली त्या दिवशीसुदीक मातीवरनं आला, आंगूळ केली आन वाचाय बसला. त्या दिवशी आवाज तेवढा बारीक आलता, म्हनून बाया सांगत्यात.

तर दोन हजार आट सालच्या उन्हाळ्यात त्येला वाटाय लागलं, की पानं ज्यादाच वाकडी झाल्यात. आधी लाटा कागदावर हुत्या, आता अक्षरंबी लाटंवर बसल्यागत वरखाली हुयाची. मधलं एकांदं अक्षर तर गचकन बुडायचं. दादासोनं काय करावं? ग्रंथ उन्हात ठेवला. मग आतनं वल हाय म्हनला, आन त्येच्यावर मसाला वाटायचा पाटा ठेवला. चार दिवस पाटा वर, ग्रंथ खाली. निशा चटनीसाठी पाटा सोदत फिरतीया.

"मामा, पाटा कुठं गेला?"

"ग्रंथावर हाय. दाबला की सरळ हुतोय."

"तीन वर्सं झाली पुराला. आता कसला वल?"

"तुला न्हाय कळायचं. कागद हाय त्यो. पानी धरतोय."

पाटा काढून बगितलं, तर ओळी तशाच.

मग एक दिवस सकाळी म्हातारा दारात तंबाकू मळत उभा, आन समोरचा विजेचा खांब मधीच वाकलेला. कमरंत लचकल्यागत. दादासो वरडाय लागला, "आरं खांब पडतोय! पोरांस्नी लांब करा! वायरमनला बोलवा!" गल्ली गोळा झाली. खांब हुता तसा सरळ. मानसांनी खांबाकडं बगितलं, मग दादासोकडं बगितलं. एकानं इचारलंबी, "दादासो, सकाळ सकाळीच काय?" त्येनं जलमात थेंब घेतला नव्हता. गप घरात येऊन बसला. निशानं च्याची किटली हातात दिली. म्हाताऱ्यानं च्या वतला, त्यो कपाच्या बाजूला, सरळ सतरंजीवर.

निशानं त्याच आठवड्यात त्येला यस्टीत घातलं आन कोल्हापूरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाई तरनीच हुती. तिनं एक कागद हातात दिला. त्येच्यावर बारीक बारीक चौकटी, मधी एक काळा ठिपका. "आजोबा, उजवा डोळा झाका आणि ठिपक्याकडं बघा. रेघा कशा दिसतात?"

दादासोनं बगितलं. सगळ्या रेघा लाटंगत. त्येनं कागद उलटा केला, बोटानं चाचपला. गुळगुळीत, कडक कागद.

"बाई," त्यो म्हनला, "तुमच्यातबी पूर आलता काय?"

बाई हासली न्हाय. "आता डावा झाका."

डावा झाकला आन दादासो हबाकला. ठिपका न्हाय, मधल्या चौकटी न्हाईत. कागदाच्या मधी धुराचा गोळा, आन बाजूनं तेवढ्या रेघा. बाईकडं बगितलं, तर बाईला नाक न्हाय, तोंड न्हाय, कानातलं तेवढं चमकतंय. हा डोळा कवा गेला? कुनाला ठावं. दोन्ही उघडं आसायचं, डावा काम करायचा, उजव्याची चौकशी कुनी केलीच न्हाय.

बाईनं समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागं एक पडदा असतो, वय झालं की त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, गळतात, पडदा फुगतो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. उजव्यात आता व्रण झालाय, तिथं काही करता येणार नाही. डाव्यात गळती नुकती सुरू आहे. दर महिन्याला एक इंजेक्शन, निदान तीन, मग तपासून पुढचं.

"कुटं द्यायचं विंजेक्शन? दंडात?"

"डोळ्यात."

दादासो निशाकडं बगाय लागला, निशा जिमिनीकडं.

"आजोबा, अजून एक ऐका," बाई म्हनली. "या इंजेक्शननं गळती थांबते. जे गेलं ते परत येईलच असं नाही. वाचता येईल, पण हळू, आणि उजेड भरपूर लागेल. आणि तारीख चुकवायची नाही. मागच्या वेळी बरं दिसतंय म्हणून एक जण आलेच नाहीत."

"मी न्हाय चुकवायचा," दादासो म्हनला. "माजा खाडा नसतोय."

विंजेक्शनाचं सांगायचं तर, भ्या जास्त आन दुखनं कमी. थेंब घालून डोळा बधिर केला, पापन्या चिमटीनं उघड्या धरल्या, बाई म्हनली वर बघा, आन मुंगी चावल्यागत झालं. दोन दिवस डोळ्याम्होरं काळं ठिपकं तरंगत हुतं. पंधरा दिवसांनी म्हातारा दारात आला आन खांबाकडं बगून म्हनला, "उभा ऱ्हायलास व्हय रं, लेका?"

निशानं त्यो चौकटीचा कागद भिंतीवर चिकटवला. रोज सकाळी उजवा डोळा झाकून दादासो त्येच्याम्होरं उभा ऱ्हायचा. दुसऱ्या विंजेक्शनानंतर रेघा सरळ झाल्या. येक कोपरा तेवढा जरा दबलेला. ग्रंथ उघडला. पानं तशीच लाटांची, पर अक्षरं आपापल्या जाग्यावर. बाई बोलली तसं वाचन हळू झालतं, एका ओळीला दोन ओळींचा येळ, आन डोक्यावर दोनशेचा बलब. पर वाचत हुता. त्या दिवशी म्हाताऱ्यानं सुनंच्या हातनं गोड करून घेतलं.

आषाढाची पुनव झाली, वर्षावास सुरू झाला, दादासो चटईवर बसला.

तिसऱ्या विंजेक्शनाची तारीख आगष्टात. आन हितं म्हाताऱ्याची मती फिरली. दवाखान्यात गेलं की सारा दिवस जातोय. सांजच्याला यायचं तर डोळ्यावर पट्टी, आन पुढं दोन दिवस सगळं धूसर. म्हंजे वाचनाला खाडा. एकतीस वर्सांत पयला.

निशा म्हनली, "दोन दिवस मी वाचतो की, मामा."

ती चांगल्या मनानं म्हनली. पर दादासोनं भलतंच धरलं. निशा फाडफाड वाचती. बारीक अक्षर, मोठं अक्षर, तिला काय न्हाय. एकदा लोकांनी तिचं ऐकलं, म्हंजे मग अडखळनाऱ्या म्हाताऱ्याला कोन परत बसवील? हमालाच्या पाठीवरचं पोतं गेल्यावर त्येच्याकडं ऱ्हायलं काय हुतं? ती चटई. तेवढीच.

तारखंच्या आदल्या दिवशी त्यो निशाला म्हनला, "दवाखान्याचा फोन आलता. बाई रजेवर हाईत. अश्विनाची पुनव झाली की या म्हनल्यात."

निशाचा इश्वास बसला. ह्या मानसानं आजवर खोटं बोललेलं कुनी ऐकलं नव्हतं.

पंधरा-वीस दिवस काय झालं न्हाय. दादासो मनात म्हनायचा, बगा, बाईनं उगंच भ्या घातलं. भिंतीवरच्या कागदाम्होरं उभं ऱ्हायचं मातर त्येनं बंद केलं हुतं. आन मग सप्टेंबरात एका सांजंला, वाचता वाचता, ओळीच्या मधी शाईचा डाग पडल्यागत झालं. त्येनं बोटानं पुसला. डाग बोटावर आला. पानाच्या कडंला नजर नेली, डाग तिकडं. समोर बसलेल्या मानसांकडं बगितलं, तर बिनतोंडाची मानसं.

आन तोंड चालूच हुतं. आवाज थांबला न्हाय, अडखळला न्हाय. जे डोळ्याला दिसत न्हवतं ते जिभंवर येत हुतं. एकतीस वर्सं वाचल्यालं. अध्याय संपला, लोकांनी हात जोडलं, कुनाला काय कळलं न्हाय. दादासो घरी आला आन बिनजेवता पडला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. उलट लोक म्हनाय लागले, "दादासो, आवंदा विंजेक्शनानं कमाल केली. पैल्यागत फाडफाड वाचताय."

चवथ्या दिवशी सकाळी झुंबरबाई दारात उभी. सत्तरी पार केलेली, अक्षराचा गंध न्हाय, पर वाचनाला कायम पुढच्या रांगंत. निशा अंगनवाडीत गेलती. झुंबरबाई उंबऱ्यावरच बसली.

"दादासो, रोज तुमी पान किती येळा उलटता?"

"त्येचं काय मोजमाप असतंय काय?"

"असतंय. सा येळा. मला वाचाय येत न्हाय, म्हनून मी तुमच्या हाताकडं बगत बसतो. पंधरा-ईस वर्सं बगतोय. काल दोनदा उलटलं. आन दुसऱ्यांदा तीन पानं मिळून गेली."

दादासोनं मान फिरवली.

"मी अडानी हाय, आंधळी न्हाय," झुंबरबाई म्हनली. "तुमास्नी दिसत न्हाय नव्हं?"

"झुंबरे, पुनवंपतोर गप ऱ्हा. महिना ऱ्हायलाय. तेवढं पुरं हुंदे. मग म्या जातोच की दवाखान्यात."

"आन महिन्यानं डोळा ऱ्हातोय काय तवर?"

"मला सगळं पाठ हाय. येक शबूद चुकत न्हाय. कुनाचं काय बिघाडतंय?"

"तुमचं बिघाडतंय की, मुडद्या!" झुंबरबाई वरडली. तिच्या डोळ्यात पानी आलतं, पर ते दादासोला कुटलं दिसतंय. "आमी हितं पोपट ऐकाय येतो व्हय? ल्हानपनी आमाला कुनी शिकवलं न्हाय. आमच्यातला येक हमाल शिकला आन कागदावरचं वाचून दावतोय, म्हनून येतो आमी. आज सांजच्यापतोर सुनंला सांगा. न्हायतर विहारात उठून मी सांगतो."

ती गेली. दादासो उंबऱ्याकडं तोंड करून बसून ऱ्हायला. दुपारी निशा आली. चपला काढल्याचा आवाज आला तसा म्हनला, "निशा, फोन आला नव्हता."

"कसला फोन, मामा?"

"दवाखान्याचा. बाई रजेवर नव्हती. म्या खोटं बोललो."

निशानं भिंतीवरचा कागद काढून त्येच्याम्होरं धरला, आन म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली.

दवाखान्यात बाई लई रागावली. मग गप झाली, ते दादासोला जास्त लागलं. पडद्याखाली रक्त उतरलंय म्हनली. विंजेक्शन दिलं. रक्त हळूहळू जिरंल, कडंनं दिसंल, पर मधला डाग थोडाफार ऱ्हानारच. जाताना तिनं एक भिंग दिलं, हातात धरायचं. "वाचायचं असेल तर सरळ अक्षराकडं बघू नका. नजर जरा वर, बाजूला ठेवा. डोळ्याचा जो भाग चांगला आहे त्याच्यासमोर अक्षर आणा. सवय लागायला वेळ लागेल."

"तारखंला आलो असतो तर?"

"ते आता विचारू नका, आजोबा."

त्या सांजंपास्नं निशा वाचाय बसली. दादासो पयल्यांदा खाली, मानसांत. कोन कोन कुठं बसलंय ते आवाजावरनं वळखायचा. घरातबी तसंच झालतं. च्या वतताना कपाच्या कडंला बोट लावायचा, पायरी पायानं चाचपायचा, ल्योक प्रसेनजीत सूतगिरनीतनं आला की त्येच्या खोकल्यावरनं त्येला हाक मारायचा. रोज दुपारी भिंग घेऊन वर्तमानपत्राचं मथळं लावायचा. येका मथळ्याला पाव तास. डोस्कं दुकायचं, भिंग आपटायचा, परत उचलायचा.

निशाचं वाचन चांगलं हुतं. लोकांस्नी आवडलं. दादासोला जी भीती हुती ती खरी झाली. त्यो मनातल्या मनात तिच्यासंगं ओठ हलवायचा, तेवढाच आधार.

पुनवंच्या आठ दिवस आधी, निशा वाचतीया आन म्हाताऱ्याचं ओठ एकदम थांबलं. निशा भलतंच कायतरी वाचत हुती. बायकांची नावं. एकापुढं एक, दहाबारा.

"थांब!" दादासो गरजला. "मागं घे. ती नावं कुटनं आनलीस? तितं नावं न्हाईत. घर सोडून बायका संघात आल्या, आन लगीच पुढचा परसंग."

"मामा, हितं नावं हाईत."

"न्हाईत म्हनतोय न्हवं! एकतीस वर्सं झाली मला."

मागनं म्हातारी मानसं बोलाय लागली, "दादासो म्हनत्यात तर तसंच असंल, पोरी. ओळ चुकली असंल तुजी." निशानं ओळीवर बोट ठेवलं. "छापल्यालं हाय, मामा. म्या मनानं कशाला घालू?"

झुंबरबाई तेवढी गप. ती दादासोकडं बगत हुती, ह्ये त्येला दिसलं न्हाय, पर कळलं.

आता गप बसला असता तर भागलं असतं. लोक त्येच्या बाजूनं हुते. निशानं चार ओळी गाळल्या असत्या आन पुढं गेली असती. दादासो उठला. हातानं चाचपत चटईपतोर गेला.

"ग्रंथ हिकडं आन. आन ती बॅटरी धर."

लाटंच्या पानावर त्येनं भिंग ठेवलं. सरळ बगितलं, तर डाग. नजर वर नेली, बाजूला नेली. पान हललं, अक्षर निसटलं. परत. घाम आला म्हाताऱ्याला. आन मग कडंनं, हळूच, एक अक्षर आलं. त्येच्या शेजारचं आलं. नाव हुतं. बाईचंच नाव. खाली दुसरं.

दादासो भिंग धरून तसाच बसला. ही नावं त्यो वाचायचा. पयल्या वर्सांत वाचायचा, त्येला आता आठवलं, कठीन नावं म्हनून आदल्या दिवशी घरी घोकायचा. मग गळली कवा? अवंदा न्हाय. गेल्या साली? त्येच्या आधी? म्हंजे वाचतोय आसं समजून त्यो नुसता बोलत हुता, तेबी किती वर्सं? उजवा डोळा गेलेला कळला न्हाय, तसं ह्येबी.

"निशाचं बरोबर हाय," त्यो लोकांस्नी म्हनला. "नावं हाईत. म्याच गाळत आलो. न वाचता, वाचल्यागत तुमास्नी ऐकवलं म्या. किती साल, ते मलाबी ठावं न्हाय."

मग झुंबरबाईचा आवाज आला, "म्हंजे बाप्यांची नावं सगळी ध्यानात ऱ्हायली, आन आमचीच गळली व्हय?"

दोघीतिघी हासल्या. दादासो न्हाय हासला.

"व्हय," त्यो म्हनला. "तुमचीच गळली."

निशानं ग्रंथ घेन्यासाठी हात पुढं केला. म्हाताऱ्यानं सोडला न्हाय. "पुढचं सगळं तूच वाच. रोज वाच. पुनवंलाबी तूच. बुधवारी माजी तारीख हाय, तवा मी नसनार. पर एवढी नावं मला वाचू दे."

त्येनं भिंग परत ठेवलं, मान वाकडी केली. पयलं अक्षर सापडलं. दुसरं हुकलं. परत पयल्यावर आला. एक नाव पुरं व्हायला निशाचं अर्धं पान झालं असतं. त्येनं ते नाव मोठ्यानं म्हटलं, आन बॅटरी धरलेला निशाचा हात खालच्या ओळीवर घेतला.

"पुढचं?" झुंबरबाई म्हनली.

"थांब की. सापडाय लागलंय."